कुंपणच शेत खाते तेव्हा

आजचा विषय दूरदेशचा आहे. अमेरिकेतील कॉलेजांत फुटबॉल खेळण्यासाठी मुलांची भरती कशी होते, त्या भरतीत लबाडी झाली तर शिक्षा कोण करते, आणि ती शिक्षा नेमकी कोणाच्या पाठीवर बसते, हे आपल्याला पाहावयाचे आहे. तुम्ही म्हणाल, त्या अमेरिकेशी आपल्याला काय करायचंय? पण शिक्षक मंडळींना हा प्रश्न वर्गात रोज भेटतो. मागच्या बाकावर कोणी तरी खोडी काढली, नाव कोणी सांगेना. मग साऱ्या वर्गाला उभे करावयाचे का? आणि खोडी काढायला फूस लावणारा वडीलधारा माणूसच असला तर? अमेरिकेतल्या कॉलेजांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे काढून पाहिली. ती कशी उतरली, ते ऐकण्यासारखे आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, तो हा खेळ नव्हे. यातला चेंडू गोल नसतो. दोन्ही टोकांना निमुळता असतो, आणि पायापेक्षा हातानेच जास्त खेळला जातो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या. चार प्रयत्नांत चेंडू किमान दहा यार्ड पुढे न्यावयाचा, नाही तर तो सहसा समोरच्यांच्या हाती जातो. अंगाला अंग भिडते, गडी आडवे होतात. मोठा दांडगाईचा खेळ! पण अमेरिकन लोकांना त्याचे विलक्षण वेड आहे. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात लाखाहून अधिक माणसे एका वेळी बसतात. हा सामना कॉलेजातल्या मुलांचा असतो, हे लक्षात ठेवा.

जिथे एवढी माणसे, तिथे पैसा आलाच. तिकिटांचा पैसा, दूरचित्रवाणीचा पैसा, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या. संघ जिंकला की हा ओघ वाढतो, हरू लागला की आटतो. आणि संघ जिंकावयाचा तर गडी चांगले हवेत. म्हणून तिथे खेळाडू मुलाच्या बाबतीत सगळे उलटे असते. मुलगा अर्ज घेऊन कॉलेजच्या दाराशी जात नाही, कॉलेजच मुलाच्या दाराशी येते. सतरा-अठरा वर्षांचा, हायस्कुलात शिकणारा पोर. पण त्याच्या घरी पाच-पाच, दहा-दहा कॉलेजांचे प्रशिक्षक येऊन बसतात. आईशी गोड बोलतात, बापाला मान देतात. याला म्हणतात भरती.

या भरतीला नियम आहेत. प्रशिक्षकाने मुलाला केव्हा भेटावे आणि केव्हा भेटू नये, कॉलेज पाहायला आलेल्या मुलाचा खर्च कितपत करावा, हे सारे ठरवून दिलेले असते. अनेक दशके मुख्य नियम असा होता, की मुलाला शिष्यवृत्ती द्यावी. तीत शिकवणीचे शुल्क, राहणे, जेवण, पुस्तके एवढे आले. त्यापलीकडे रोख पैसा नाही, मोटार नाही, घरच्या माणसाला नोकरीही नाही. कॉलेजाने द्यावयाचे नाही आणि कॉलेजाच्या पाठीराख्यानेही द्यावयाचे नाही.

हा पाठीराखा कोण? तो बहुधा कॉलेजचा श्रीमंत माजी विद्यार्थी असतो. तेलाच्या, जमिनीच्या नाही तर पेढीच्या धंद्यात त्याने पैसा मिळवलेला असतो, आणि आपले कॉलेज हरलेले त्याला सहन होत नाही. नियम बहुतेक वेळा याच्याच हातून मोडतो. प्रशिक्षकाला ते ठाऊक असते, कधी नसते, आणि कधी ठाऊक करून घ्यायचे नसते.

नियम करणारी संस्था कोणती, तेही सांगितले पाहिजे. १९०५ साली या खेळात अनेक तरुण दगावले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी काही मोठ्या कॉलेजांच्या लोकांना बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले, आणि १९०६ साली कॉलेजांनी मिळून एक संघटना काढली. तीच पुढे नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे एन. सी. ए. ए. या नावाने ओळखली जाऊ लागली. ही सरकारी संस्था नव्हे. तिच्याजवळ पोलीस नाहीत, आणि कॉलेजाबाहेरच्या माणसाला समन्स काढून बोलावण्याचा अधिकारही तिला नाही. कॉलेजेच सभासद, कॉलेजेच नियम करणार, आणि मोडणारीही तीच!

१९२९ साली कार्नेगी फाउंडेशनने कॉलेजांतल्या खेळांची मोठी पाहणी करून अहवाल छापला. पाहणी केलेल्या कॉलेजांपैकी बहुतेकांत खेळाडूंना या ना त्या वाटेने पैसा पोहोचत होता. मग १९४८ साली संघटनेने कडक नियमावली केली. तिचे नावच ‘सॅनिटी कोड’, म्हणजे शहाणपणाची नियमावली. पण तिच्यात एक मोठी खोट होती. शिक्षा एकच : संघटनेतून हकालपट्टी. लहान चूक असो की मोठी, शिक्षा तीच.

१९५० साली सात कॉलेजांवर प्रसंग आला. सभेत मतदान झाले. काढून टाका म्हणणारे १११, नको म्हणणारे ९३. हकालपट्टीला दोनतृतीयांश मते लागत होती, ती पडली नाहीत. सातही कॉलेजे सुटली आणि पुढल्याच वर्षी नियमावलीही गेली. शिक्षा इतकी जड, की ती उचलण्याचे बळ कोणाच्याच अंगी नव्हते.

त्यानंतर संघटनेने शिक्षांच्या पायऱ्या केल्या. प्रथम ताकीद. मग काही वर्षे देखरेख. मग शिष्यवृत्त्यांच्या संख्येत कपात, म्हणजे नवे गडी कमी. मग हंगामाच्या शेवटी जे मानाचे ‘बाउल’ सामने होतात त्यांना बंदी, दूरचित्रवाणीवर दिसण्यास बंदी, जिंकलेले सामने कागदोपत्री खोडून टाकणे. पायऱ्या झाल्या खऱ्या, पण पाठीराख्यांचा पैसा काही थांबेना. अखेर १९८५ साली कॉलेजांच्या प्रमुखांनी पुढाकार घेऊन एक नवा नियम करून घेतला. पाच वर्षांच्या आत दुसऱ्यांदा मोठा गुन्हा केला, तर त्या कॉलेजचा तो खेळच दोन वर्षांपर्यंत बंद करता येईल. लोकांनी त्याला नाव दिले ‘मृत्युदंड’.

आता टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरात चला. तिथे सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठ आहे. १९११ साली चर्चच्या आश्रयाने निघालेली ही खाजगी संस्था. आकाराने फार मोठी नाही, पण १९८० नंतरच्या काही वर्षांत तिच्या फुटबॉल संघाने देश गाजवला. १९८२ च्या हंगामात संघ एकही सामना हरला नाही. पण १९८५ च्या ऑगस्टमध्ये संघटनेने भरतीतल्या गैरप्रकारांबद्दल या विद्यापीठाला तीन वर्षे देखरेखीखाली ठेवले. ही काही पहिली वेळ नव्हती. आधीही शिक्षा झालेल्या होत्या. विद्यापीठाने सांगितले, आता पुन्हा होणार नाही.

नोव्हेंबर १९८६ मध्ये डॅलसच्या एका दूरचित्रवाणी केंद्रावर पूर्वीचा एक खेळाडू आला आणि त्याने सांगून टाकले, की आपल्याला या विद्यापीठात येण्यासाठी २५,००० डॉलर मिळाले आणि पुढेही दरमहा पैसे मिळत राहिले. चौकशी झाली. निष्पन्न झाले ते असे : सप्टेंबर १९८५ पासून डिसेंबर १९८६ पर्यंत, म्हणजे शिक्षा झाल्यानंतरसुद्धा, एका पाठीराख्याने दिलेल्या पैशातून १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१,००० डॉलर वाटले गेले होते. कोणाला महिना ५० डॉलर, तर कोणाला ७२५ पर्यंत.

२५ फेब्रुवारी १९८७ रोजी निकाल लागला. १९८७ चा संपूर्ण हंगाम बंद. १९८८ साली घरच्या मैदानावर एकही सामना नाही. शिवाय शिष्यवृत्त्यांत मोठी कपात. संघातल्या मुलांना दुसऱ्या कॉलेजात जाऊन लगेच खेळण्याची मुभा मिळाली. मग काय विचारता! दुसऱ्या कॉलेजांचे प्रशिक्षक विद्यापीठाच्या आवारात जमा झाले, आणि आपापल्या पसंतीचे गडी घेऊन गेले. संघ उरलाच नाही. तेव्हा १९८८ चा हंगाम विद्यापीठाने आपणच रद्द केला.

आठवडाभरातच खरा धक्का बसला. टेक्सासचे राज्यपाल बिल क्लेमंट्स हे जानेवारी १९८७ मध्ये पदावर येण्यापूर्वी याच विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. ३ मार्च १९८७ रोजी त्यांनी जाहीरपणे कबूल केले, की हे पैसे दिले जात आहेत हे आपल्याला आणि मंडळातल्या काही सदस्यांना माहीत होते. ज्या मुलांना शब्द दिला होता, त्यांचे पैसे एकदम न थांबवता ती मुले बाहेर पडेपर्यंत चालू ठेवावेत, असे या मंडळींनीच ठरवले होते. म्हणजे बाहेर ‘पुन्हा होणार नाही’ म्हणून सांगावयाचे, आणि आत दरमहाचा हिशेब चालू ठेवावयाचा! आपल्याकडे म्हणतात, कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी? इथे तेच घडले होते.

आता शिक्षा कोणाला झाली, ते पाहा. क्लेमंट्स जानेवारी १९९१ पर्यंत राज्यपाल होते. त्यांनी मुदत पुरी केली. संघटनेला त्यांचे काही करता येण्याजोगे नव्हते. पैसा घेतलेल्या मुलांना दुसरीकडे जाता आले. आणि ज्यांनी एक डॉलरही घेतला नव्हता, त्या मुलांनाही आपले कॉलेज, आपले सोबती, आपला अभ्यास सोडून जावे लागले. किंवा तिथेच राहून खेळ सोडावा लागला. १९८९ साली संघ पुन्हा उभा राहिला तो बहुतांशी नवख्या पोरांचा. त्या वर्षी ह्यूस्टन विद्यापीठाने त्यांना ९५–२१ अशा गुणांनी तुडवले. वर्षभरात ११ सामन्यांपैकी त्यांनी दोन जिंकले. त्यातला एक ३१–३० असा, शेवटच्या क्षणी जिंकलेला. त्या पोरांपैकी कोणीही १९८५ साली पैसे वाटले नव्हते. पुढे वीस वर्षे हा संघ कोणत्याही बाउल सामन्यात दिसला नाही. २००९ साली दिसला.

शेजारच्या फोर्ट वर्थ शहरात टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ आहे. तिथली गोष्ट थोडी निराळी आहे, आणि शिक्षकांनी ती जरूर ध्यानात घ्यावी. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये तिथले प्रशिक्षक जिम वॅकर यांना कळले, की आपल्या काही गड्यांना पाठीराख्यांकडून पैसे मिळत आहेत. हा प्रकार त्यांच्या आधीच्या काळापासून चालत आला होता. हंगाम नुकता सुरू झालेला, आणि पैसे घेणाऱ्यांत संघातला सर्वांत नामांकित गडी. वॅकर यांनी सर्वांना संघाबाहेर काढले आणि विद्यापीठाने स्वतःच संघटनेला कळवले. पुढल्या वर्षी निकाल आला : शिष्यवृत्त्यांत भारी कपात, बाउल सामन्यास बंदी, दूरचित्रवाणीच्या उत्पन्नावर पाणी. खरे बोलणाऱ्याला इतकी शिक्षा, तर दुसऱ्यांनी त्यावरून काय शिकावे? झाकून ठेवा, एवढेच ना! पोराने आपणहून चूक कबूल केली आणि तरी त्याच्या पाठीत धपाटा बसला, तर दुसऱ्या दिवशी वर्गात कोण बोलेल?

डॅलसची अवस्था पाहून संघटनेचाही हात आखडला. नियम पुस्तकात राहिला, पण मोठ्या फुटबॉल संघावर मृत्युदंड पुन्हा कधी बजावला गेला नाही. त्याऐवजी खालच्या पायऱ्या वापरात राहिल्या. पण प्रश्न सुटला नाही. २०१० साली लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला शिक्षा झाली. हा प्रकार भरतीचा नव्हता. खेळाडूच्या घरच्यांना बाहेरच्या दलालांनी पैसे पुरवले होते. पण शिक्षेचा पेच तोच. दोन हंगाम बाउल सामन्यांना बंदी आणि ३० शिष्यवृत्त्या कमी. तो खेळाडू २००६ सालीच धंदेवाईक संघात गेला होता. प्रशिक्षकही २०१० च्या जानेवारीत दुसऱ्या धंदेवाईक संघाकडे निघून गेले होते. शिक्षा भोगली ती अशा मुलांनी, जी गुन्ह्याच्या वेळी शाळेत शिकत होती.

या टीकेचा अखेर परिणाम झाला. २०२२ साली संघटनेने आपली घटना नव्याने लिहिली, आणि ज्या खेळाडूंचा गुन्ह्याशी संबंध नाही त्यांना शक्यतो शिक्षेची झळ लागू नये, असे तत्त्व तीत घातले. लगेच त्याची कसोटीही लागली. टेनेसी विद्यापीठात पूर्वीच्या प्रशिक्षकाच्या कारकिर्दीत भरतीचे नियम दोनशेहून अधिक वेळा मोडल्याचे आढळले. मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना मिळालेला पैसा आणि इतर लाभ सुमारे ६०,००० डॉलरचे होते. आठवते ना, डॅलसचा आकडा ६१,००० होता! पण २०२३ च्या जुलैमध्ये आलेला निकाल अगदी निराळा होता. सामने बंद नाहीत, बाउल सामन्यांस बंदी नाही. विद्यापीठाला ८० लाख डॉलरहून अधिक दंड, शिष्यवृत्त्यांत कपात, आणि त्या प्रशिक्षकावर सहा वर्षांचे बंधन. त्या काळात कोणत्याही कॉलेजाला त्यांना नेमावयाचे असेल, तर आधी संघटनेपुढे कारण दाखवावे लागेल.

हे अधिक न्यायाचे झाले का? एका अर्थी झाले. मैदानावरच्या निरपराध मुलांचा हंगाम वाचला, आणि शिक्षा करणाऱ्याच्या मागे त्याच्या नव्या नोकरीपर्यंत गेली. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. श्रीमंत विद्यापीठाला दंड म्हणजे खर्चाच्या वहीतली एक ओळ. देणगीदार तो भरून काढू शकतात. ज्याला दंड परवडतो, त्याला तो शिक्षा वाटत नाही, किंमत वाटते. आणि ज्याला परवडत नाही त्या लहान कॉलेजाला तोच दंड जिवावर बेततो.

मधल्या काळात मूळ नियमाखालची जमीनच सरकली. मुलांना फक्त शिष्यवृत्ती आणि बाकी सारे कॉलेजाचे, हा व्यवहार तरी सरळ आहे का, असे लोक विचारू लागले. प्रशिक्षकाला लाखो डॉलर पगार, मैदानाचे उत्पन्न कोटींत, आणि गुडघा मोडून घेणाऱ्या पोराने मात्र एक जोडा फुकट घेतला तर तो गुन्हेगार! २०२१ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी संबंधित लाभांवरील संघटनेची बंधने नऊ विरुद्ध शून्य मतांनी बेकायदा ठरवली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा आणि छबीचा उपयोग करून जाहिरातीतून पैसे मिळवण्याची परवानगी मिळाली. पुढे जून २०२५ मध्ये न्यायालयाने एका मोठ्या तडजोडीला मान्यता दिली, आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षासाठी मर्यादा एका कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

म्हणजे १९८७ साली ज्या गोष्टीसाठी एक संघ दोन वर्षे बंद पडला, तीच गोष्ट आज उघडपणे, हिशेबात लिहून करता येते. मग डॅलसच्या मंडळींनी गुन्हा केलाच नव्हता का? इथे घोटाळा होऊ देऊ नका. पैसे घेणारा पोर आणि खोटे बोलणारे नियामक मंडळ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्याबद्दल लोकांचे मत बदलले, आणि ते बदलणे योग्यच होते. दुसरीबद्दल बदलण्यासारखे काही नाही. नियम चुकीचा वाटत होता, तर सभेत उभे राहून तो बदलावयाचा मार्ग त्यांना मोकळा होता. सभासद तेच होते. तसे न करता त्यांनी नियमाला हात वर करून मत दिले आणि पाठीमागून तोच मोडला.

आणि नवे नियम आले म्हणून लबाडी संपली असेही नव्हे. आता मर्यादा ओलांडण्याची नवी वाट म्हणजे बाहेरच्या पाठीराख्याने खोट्या जाहिरातीच्या नावाखाली पैसा देणे. म्हणून खेळाडूने बाहेरच्या कोणाशी ६०० डॉलर वा त्याहून मोठा करार केला, तर तो कळवला पाहिजे असा नियम झाला आहे, आणि त्यावर नजर ठेवण्यासाठी नवे मंडळही नेमले आहे. नियम नवा, मंडळ नवे; पाठीराखा मात्र जुनाच आहे.

सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाचा संघ २०२४ साली पुन्हा वरच्या गटात दाखल झाला, आणि त्याच हंगामात राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम फेऱ्यांपर्यंत पोहोचला. शिक्षेला तेव्हा सदतीस वर्षे होऊन गेली होती.

शिक्षकांनी ही हकीकत वर्गात मांडून पाहावी. मुलांना विचारावे : त्या १९८७ च्या संघात तुम्ही असता, तुम्ही पैसे घेतले नसते आणि कोणी घेतले हेही तुम्हाला ठाऊक असते, तर काय केले असते? सांगितले असते की गप्प बसला असता? मुले उत्तर देतील त्यावरून एक गोष्ट आपल्याला कळेल. आपण आजवर खरे बोलणाऱ्या पोराला वर्गात काय वागणूक दिली, ते त्यांच्या उत्तरात उतरलेले असेल. ते ऐकून घ्यावे, आणि पुढच्या वेळी साऱ्या वर्गाला उभे करण्यापूर्वी क्षणभर थांबावे.